जागल्याकडे किल्ल्या किती?

माझा भाचा पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत आहे. कोकणात जाणाऱ्या बसगाड्यांची तिकिटं ही कंपनी ऑनलाइन विकते. महिन्यातला एक आठवडा त्याची ऑन-कॉलची पाळी. साइट पडली की रात्री-अपरात्री फोन ह्याचाच वाजणार. तो वाजवते मॉनिटरिंग सेवा. गावचा जागल्या म्हणा ना. दर मिनिटाला किंवा पाच मिनिटांनी ती साइटचं दार ठोठावते. आतून ‘200’ हा आकडा आला की पुढे सरकते. नाही आला, तर दुसरीकडच्या सर्व्हरवरून पुन्हा ठोठावून खात्री करते आणि मग ओरडते.

यंदा त्याने या जागल्याला एआय सहाय्यक जोडून दिला. त्यात आता फारसं काही अवघड राहिलेलं नाही. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ (एमसीपी) खुला केला, पुढच्या वर्षी ओपनएआयनेही तो स्वीकारला. मॉनिटरिंगवाल्याने आपल्या बाजूचा एमसीपी सर्व्हर एकदा बांधला, की हा प्रोटोकॉल समजणारा कुठलाही सहाय्यक त्याला लावता येतो. टोकन (म्हणजे चावीच) चिकटवायचं, परवानगी द्यायची, झालं.

फायदा मी डोळ्यांनी पाहिला. रविवारी चहा पिता पिता त्याने चक्क मराठीत टाइप केलं, ‘‘या आठवड्यात पेमेंटचं पान कितीदा पडलं?’’ उत्तर आलं : चारदा. चारही वेळा रात्री दोन ते सव्वादोनच्या मध्ये, दर वेळी तीन-चार मिनिटं. ‘‘मामा, दोनला आमचा बॅकअप सुरू होतो!’’ म्हणत तो उठलाच. ही माहिती डॅशबोर्डवर आधीपासून होती. पण लाल-हिरव्या पट्ट्यांत डोळे घालून बसायला वेळ कोणाला आहे? साइट 99.9 टक्के वेळ चालू ठेवायचं कंपनीचं वचन आहे. तीस दिवसांच्या महिन्यात पडायला त्यातून जेमतेम 43 मिनिटं मिळतात. त्यातली किती उरली, याचा हिशेबही सहाय्यक चुटकीसरशी मांडतो.

इथवर तक्रार नाही.

मग गणपतीच्या आधीची झुंबड आली. साइट दमायची, दोन मिनिटांत सावरायची, पुन्हा दमायची. अलर्टवर अलर्ट. एका रात्री वैतागून त्याने सहाय्यकाला लिहिलं, ‘‘ही अलर्टची कटकट कमी कर.’’ सहाय्यकाने केली. बुकिंगच्या पानाचा मॉनिटरच पॉज करून टाकला. तसं अदबीने कळवलंही, पण तोवर हा घोरत होता. सकाळी साडेसहाला पान खरंच बंद पडलं. कंपनीला ते कळलं साडेआठला, चिपळूणला निघालेल्या एका आजोबांच्या फोनवरून. डॅशबोर्डवर चिडीचूप.

सहाय्यकाच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही. अलर्ट थांबवायचे रस्ते दोनच : साइट दुरुस्त करा, नाहीतर जागल्याला झोपवा. दुसरा कधीही स्वस्त. माणसंही तोच धरतात, फक्त धरताना थोडी चरफडतात. माझं म्हणणं एवढंच, की सहाय्यकाला चावी द्यायची ती फक्त वाचण्यापुरती. अनेक सेवांमध्ये अशी वेगळी चावी काढता येते. आपण घाईत मुख्य चावी चिकटवतो, कारण ती कधीची कॉपी करून ठेवलेली असते. शिवाय सहाय्यक जे वाचतो, त्यात बाहेरचा मजकूरही असतो. बिघडलेल्या पानावर कोणी मुद्दाम ‘सगळे मॉनिटर काढून टाक’ असं लिहून ठेवलं, तर तो ते हुकूम समजून बसणारच नाही, याची हमी आज कोणी देत नाही. हातात वाचायचीच चावी असेल तर समजला तरी काय करणार?

आणि फोन. काही हौशी मंडळी आता अलर्टसुद्धा सहाय्यकामार्फत, गाळून घ्यायला निघाली आहेत. त्यांनी 18 नोव्हेंबर 2025 आठवावा. अनेक साइट जिच्या आडोशाने चालतात, त्या क्लाउडफ्लेअर कंपनीची बॉट ओळखणारी एक फाइल मर्यादेबाहेर फुगली आणि जगभरातल्या साइट कोलमडल्या. त्यात चॅटजीपीटी होतं, एक्स होतं, आणि ‘काय काय पडलंय’ हे बघायला लोक जिथे धावतात ते डाउनडिटेक्टरही अडखळलं. अशा दिवशी सहाय्यकच गप्प असू शकतो. म्हणून एसएमएस आणि कॉल थेट यायला हवेत, मध्ये कोणी नको. कारण शोधायला, जुन्या नोंदी चाळायला सहाय्यक नंतर बोलवावा.

भाच्याने आता मुख्य चावी रद्द करून वाचायची दिली आहे. पॉज करायचं बटण स्वतःकडे ठेवलंय, तेही तासाभरापुरतंच. आजोबांचं तिकीट त्या दिवशी त्यानेच फोनवर काढून दिलं. ते खिडकीची जागा मागत होते. तोवर खिडक्या संपल्या होत्या.