उसन्या विद्येविरुद्ध जाहीर पत्रक

इंदापूर व बारामती तालुक्यांतील विद्यार्थी, अध्यापक, पालक आणि संस्थाचालक यांस सविनय सादर.

दरवर्षी परीक्षा जवळ आल्या, म्हणजे महाविद्यालयांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे जी गर्दी उसळते, तिचे कारण कोणापासूनही लपलेले नाही. पर्यावरणाचा प्रकल्प तेथे तयार मिळतो. मुखपृष्ठावरील नाव व हजेरी क्रमांक बदलला, प्रमाणपत्राच्या पानावर सही-शिक्का घेतला आणि स्पायरल घातली, की ‘सबमिशन’ पार पडले. उजनीच्या जलाशयातील प्रदूषणावर पाने भरून देणारा जलाशयाच्या काठी गेलेला नसतो, भिगवणच्या रोहित पक्ष्यांचे रसभरित वर्णन करणाऱ्याने ते पक्षी परक्याच्या छायाचित्रातच पाहिलेले असतात, आणि हे सारे ज्यांना पक्के ठाऊक असते त्या अध्यापकांची लाल रेघ त्या पानांवरून निर्विकारपणे फिरून जाते. (आता संगणकातील यंत्रच क्षणार्धात मजकूर लिहून देऊ लागल्यामुळे बिचाऱ्या दुकानदाराचाही धंदा धोक्यात आला आहे, हा भाग वेगळा.) या व्यवहाराचे नाव वाङ्मयचौर्य असे आहे, आणि ‘सगळेच करतात’ एवढा खुलासा त्याला पुरेसा मानणाऱ्या सज्जनांशी आमचे भांडण आहे.

ते इंदापुरात मांडण्यास विशेष कारणही आहे. खोट्या मोजणीचे मोल या तालुक्याने पूर्वी एकदा चुकविलेले आहे. इंग्रजी अंमलाच्या आरंभी प्रिंगल नामक अधिकाऱ्याने दख्खनच्या जमिनींची जी पाहणी केली, तिच्यामागील अर्थशास्त्र विद्वत्तापूर्ण होते आणि कोष्टके नीटनेटकी होती. परंतु हाताखालच्या अंमलदारांनी केलेली मोजणी सदोष, व उत्पन्नाचे अंदाज त्याहून सदोष निघाल्यामुळे १८३० च्या सुमारास त्यांवर आधारलेला सारा रयतेच्या उरावर बसला, आणि कुळे गाव सोडून गेली, जमिनी पडीत राहिल्या. अखेरीस १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांना याच इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणीस आरंभ करावा लागला. १८३६ मध्ये येथे तीस वर्षांच्या मुदतीचा सारा ठरला, आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. कागद सुबक असला म्हणजे तो खरा असतो, या भ्रमाची इतकी कडू फळे ज्या भूमीने चाखली, तिथल्या मुलांनी सुबक आणि खोटे कागद दरसाल बांधून द्यावेत, याची लाज आम्हांस वाटते. एकरभर जमीन घेताना सातबारावरील नोंद कोणत्या फेरफाराने आली, हे तीनतीनदा तपासणारा पालक मुलाच्या प्रकल्पातील विधान कोठून आले, हे एकदाही विचारीत नाही.

संदर्भ देणे हा पांडित्याचा अलंकार आहे, अशी एक समजूत रूढ आहे. ती साफ चुकीची आहे. मालोजीराजे भोसले इंदापूरच्या रणात पडले, हे येथील पोरासोरासही ठाऊक असते. पण केव्हा? कोणी १६०६ च्या आसपासचा काळ देतो, कोणी तो १६२० च्या पुढे नेतो. ज्या विद्यार्थ्याने यांतील एक सन आपल्या निबंधात ठोकून दिला आणि तो कोठून घेतला हे सांगितले नाही, त्याने वाचकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. ज्याने ग्रंथ, आवृत्ती आणि पृष्ठ नमूद केले, त्याचा सन चुकला तरी ती चूक पकडण्याचे साधन त्याने स्वतःच्या हाताने वाचकाला दिले. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली, त्यामुळे मूळ कागद वाचून खुद्द राजवाड्यांशीही वाद घालणे शक्य झाले, आणि लोकांनी तो मनसोक्त घातला.

यावर एक धार्मिक वेषातील आक्षेप हटकून पुढे येतो: ज्ञानावर मालकी कसली, आपल्या संतांनी कधी तळटिपा दिल्या काय? ज्ञानेश्वरांनी आपला ग्रंथ व्यासांच्या मागोव्याने आणि भाष्यकारांना वाट पुसत रचला, हे स्वतःच सांगितले आहे, आणि आपली गुरुपरंपरा आदिनाथापासून क्रमाने नोंदविली आहे. आणि तुकोबांचे काय? त्यांचे अभंग आपल्या नावावर खपविणाऱ्या सालोमालोचा समाचार त्यांनी आपल्या अभंगांतून घेतला, तो मालकीच्या लोभाने खचितच नव्हे. त्याच्या हातून पाठ बिघडला आणि लोक फसले, याचा तो संताप होता. १९३६ च्या ‘प्रभात’च्या चित्रपटामुळे तो सालोमालो घरोघरी पोहोचला. त्याच तुकोबांची पालखी दर आषाढीला बारामती, बेलवाडी, निमगाव केतकी या वाटेने आपल्या गावी येते, आणि तिच्या रिंगणात धावणारे आपले विद्यार्थी वर्षभर सालोमालोचा कित्ता गिरवितात!

कायद्याकडे बोट दाखवून हात झटकणाऱ्यांस एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याच्या प्रतिबंधासाठी जे विनियम केले, त्यांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि साठ टक्क्यांवर साम्य आढळल्यास नोंदणी रद्द होते. परंतु हे सारे पदव्युत्तर व संशोधनाच्या लेखनासाठी आहे. प्रकल्प-अहवाल, गृहपाठ, निबंध हे त्या विनियमांतील लेखनाच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेले आहेत. म्हणजे ज्या वयात ही सवय जडते, तेथे आयोग नाही, संगणकाची टक्केवारी नाही. आहे ती केवळ महाविद्यालयातील अध्यापकाची सही. विद्यार्थ्याने हे काम स्वतः केले, असा दाखला त्या सहीने दिला जातो, आणि तो पुष्कळदा जाणूनबुजून खोटा असतो. मुलांना चोर म्हणण्याआधी हे कबूल करावे लागेल. कारण जो अध्यापक गाईडमधील उतारे ‘नोट्स’ म्हणून उतरवून देतो आणि गाईडचे नाव उच्चारीत नाही, त्याच्याच वर्गात चोरीचा पहिला पाठ होतो.

टक्केवारीचाही बडेजाव नको. शब्द फिरवून साम्य कमी दाखविण्याची कला अल्पावधीत शिकता येते, आणि शब्द बदलले तरी विचार दुसऱ्याचाच राहतो.

म्हणून आमची मागणी यंत्राची नाही, माणसांची आहे. प्रकल्प पाचच पानांचा असावा, पण विद्यार्थी कोठे गेला, कोणाशी बोलला, काय मोजले आणि काय वाचले, हे तारखेनिशी त्यात असावे. प्रत्येकास दहा मिनिटे तोंडी प्रश्न विचारल्यावाचून सही होऊ नये. सर्व प्रकल्प ग्रंथालयाच्या उघड्या फडताळात ठेवावेत, म्हणजे गतवर्षीची फाईल यंदा नव्या नावाने अवतरली तर कोणासही ती ओळखता येईल. आणि अध्यापकांनी वर्गातील प्रत्येक टिपणाखाली त्याचा आधार लिहून द्यावा. यास खर्च नाही, परवानगी लागत नाही. ज्या प्राचार्यांस यात अडचण दिसत असेल, त्यांनी ती लेखी व सहीनिशी जाहीर करावी. आम्ही ती या पत्रकाच्या पुढील आवृत्तीत, त्यांच्या नावासह, जशीच्या तशी छापू.