समोरच्याची बाजू

शाळांतून वादविवाद स्पर्धांचे दिवस आले की पुष्कळ घरांत एक उद्योग सुरू होतो. वडील किंवा आजोबा भाषण लिहून देतात, मूल ते पाठ करते आणि आई घड्याळ समोर ठेवून म्हणवून घेते. हा उद्योग मीही केला आहे. त्याचे काय झाले, ते आज वाचकांना सांगावयाचे आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची नात तेव्हा नववीत होती. इथे इंदूरातच आंतरशालेय स्पर्धा होती. विषय होता, ‘विद्यार्थ्यांच्या हाती मोबाइल नसावा’, आणि तिच्याकडे अनुकूल बाजू आली होती. मी मोठ्या हौसेने भाषण लिहून दिले. आरंभी सुभाषित, मध्ये आकडे आणि शेवटी टाळ्यांचे वाक्य. टाळ्या मिळाल्याही. मग प्रतिपक्षाच्या मुलाने साधाच प्रश्न विचारला : शिकवणीहून अंधारात एकटीने परतणाऱ्या मुलीने काय करावे? नात क्षणभर गप्प राहिली आणि पाठ केलेल्यातलेच एक वाक्य तिने पुन्हा म्हटले. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, “आजोबा, त्याचं म्हणणं मला पटलं होतं. पण तुमच्या भाषणात त्याला उत्तर नव्हतं.”

चूक माझी होती. मी तिला वक्तृत्व शिकवले होते, वाद शिकवला नव्हता. वक्तृत्वात आपले बोलणे पुरेसे असते. वादात आधी दुसऱ्याचे ऐकावे लागते.

वस्तुतः ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावे म्हणून होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे नुसते खंडन करीत राहणे ही वितंडा. शास्त्रग्रंथांची रीतही अशी की आधी पूर्वपक्ष मांडावयाचा आणि मगच सिद्धान्त. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा वाद माहिष्मतीस झाला, अशी परंपरा आहे. ती माहिष्मती म्हणजे आपले महेश्वर, असे आपण मानतो. बिहारातील महिषी गावचे लोक तो मान आपल्या गावाला देतात. गाव कोणतेही असो, त्या कथेत पंच म्हणून बसली ती मंडनमिश्रांची पत्नी, आणि शंकराचार्यांची त्यास हरकत नव्हती. प्रतिपक्षावर एवढा विश्वास असल्यावाचून खरा वाद होत नाही.

त्या स्पर्धेनंतर मी नातीला नव्याने शिकवू लागलो. पहिली पायरी अगदी सोपी : एक मत, त्याचे एक कारण, त्याला एक उदाहरण. दोन मिनिटे बोलावयाचे आणि हातात कागद नाही. विषयही घरचेच, जसे रविवारी गृहपाठ असावा की नसावा. पाचवीसहावीच्या मुलाला एवढे पुरे होते.

दुसरी पायरी उत्तराची. येथे मी एकच नियम केला. प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्या शब्दांत असे सांगावयाचे की त्याने ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ अशी मान डोलवावी. तोवर उत्तर देण्यास बंदी. त्यानंतर उत्तराच्या तीन वाटा असतात. म्हणणे खरे नाही, हे दाखवावे. किंवा खरे असले तरी त्यावरून विषय सिद्ध होत नाही, हे दाखवावे. किंवा ते खरे आणि महत्त्वाचेही आहे, तरी आपल्या बाजूचे वजन अधिक का, ते सांगावे. अंधारात परतणाऱ्या मुलीचा प्रश्न आम्ही पुन्हा घेतला. तिसरी वाट धरून नात म्हणाली, “तिची भीती खरी आहे. पण तिला सोबत हवी, चांगला रस्ता हवा. फोन देऊन मोठ्यांनी आपली जबाबदारी संपवू नये.” हे वाक्य माझ्या भाषणात कुठेच नव्हते.

तिसरी पायरी बाजू बदलण्याची. पाच मिनिटे अनुकूल बोलून झाले की लगेच त्याच विषयावर प्रतिकूल बोलावयाचे. विद्यापीठांच्या जागतिक वादस्पर्धा १९८१ पासून आणि शाळांच्या १९८८ पासून होत आहेत. विद्यापीठांच्या स्पर्धेत विषय जाहीर झाल्यावर तयारीला जेमतेम १५ मिनिटे मिळतात, आणि आपली बाजू आपण निवडावयाची नसते. लिहून दिलेले भाषण तेथे कामास येत नाही. दोन्ही बाजू मनाने चालून पाहिलेला विद्यार्थीच तेथे टिकतो.

नात आता बारावीत आहे. पुढचे शिक्षण पुण्यास घ्यावे, अशी तिची इच्छा; तिच्या वडिलांची मुळीच तयारी नाही. परवा रात्री जेवणानंतर ती म्हणाली, “बाबा, आधी तुमचं म्हणणं मी सांगते. चुकलं तर थांबवा.” तिने खर्च सांगितला, आजीचे दुखणे सांगितले, परक्या गावाची काळजी सांगितली. शेवटी हळूच म्हणाली, “आणि मी गेले की घर सुनं होईल, हे तुम्ही बोलला नाहीत.” माझा मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आता तुझं सांग.” निर्णय अजून व्हावयाचा आहे.

वाचकहो, मुलांना वाद शिकवावयाचा तर त्याची पहिली तालीम घरीच होते, आणि तेथे आपण बहुधा ‘उलट बोलू नकोस’ म्हणून ती बंद करतो. आपली मुले शाळेत हिंदीत किंवा इंग्रजीत वाद करतात, आणि घरची मराठी ‘वाढ’, ‘आण’, ‘झोप आता’ एवढ्यावर येऊन ठेपते. आठवड्यातून एक रात्र ताटे उचलल्यावर अर्धा तास राखून ठेवावा. विषय मुलांनी सुचवावा, बोलावे मराठीत, आणि वडिलधाऱ्यांनीही मुलांची बाजू त्यांना पटेल अशी मांडून दाखवावी. पहिल्या रात्री आपल्यालाच ते जड जाईल. मलाही गेले होते.