डाग आणि भेद

जुन्या टपाल-तिकिटांच्या बाजारांत हल्लीं एका शब्दाचें फार स्तोम माजलें आहे. तो शब्द म्हणजे ‘चूक’. तिकिटाच्या कडेला शाईचा ठिपका दिसो, रंग किंचित् फिका असो, कीं चित्र केसभर सरकलेलें असो. विक्रेता गंभीर मुद्रेनें ‘ही छपाईची चूक आहे, साहेब’ असें सांगतो आणि दहा रुपयांच्या वस्तूचे हजार मागतो. भाजी घेतांना घासाघीस करणारा सुशिक्षित गृहस्थ येथें मात्र निमूटपणें पैसे मोजून मोकळा होतो. उलट, आमचे कांहीं विद्वान् स्नेही असे आहेत कीं, त्यांच्या मतें ठिपके मोजण्याचा हा सारा उद्योगच पोरकटपणाचा. हे दोन पक्ष एकमेकांस हंसतात. परंतु दोघांचें अज्ञान एकाच ठिकाणचें आहे. छपाई होते कशी, हें एकालाही ठाऊक नाहीं, आणि तें जाणून घेण्याची गरजही वाटत नाहीं.

आम्हां भिवंडीकरांना हा मुद्दा समजण्यास फार लांब जावें लागत नाहीं. मागावर ताण्याचा एक धागा तुटला आणि विणकराचें लक्ष नसलें, तर ती उणीव रेघ होऊन तागाभर उतरत जाते. विणून झालेल्या कापडावर तेलाचा थेंब पडला, तर तो मात्र त्या एका जागेपुरताच राहतो. पहिल्या दोषावरून मागाची स्थिति कळते. दुसऱ्यावरून फार तर कामगाराच्या हाताची. तिकिटांचेंही असेंच आहे. छापण्याच्या शिळेवर किंवा पत्र्यावर जो दोष असतो, तो प्रत्येक तावावर त्याच जागीं उमटतो. त्यास आम्ही भेद म्हणतों. शाई उडाली, कागदाला सुरकुती पडली, तो डाग. डागाला किंमत द्यावयाची झाल्यास कुतूहलापुरती द्यावी.

सन १९३५ मध्यें पंचम जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाचीं तिकिटें नाशिकच्या सरकारी छापखान्यांत छापलीं गेलीं. त्यांतील अडीच आण्यांच्या तिकिटावर ताजमहाल आहे, आणि कांहीं प्रतींत पक्ष्यासारखा एक ठिपका दिसतो. संग्राहकांच्या सूचींत त्यास ‘पक्षी’ या नांवानें स्वतंत्र स्थान व स्वतंत्र किंमत आहे. तें कां? ठिपका सुंदर आहे म्हणून नव्हे. तो पुनःपुन्हां त्याच ठिकाणीं सांपडला म्हणून. निरनिराळ्या टपालकचेऱ्यांचे शिक्के असलेल्या दोन-तीन प्रतींत तोच ठिपका त्याच जागीं दाखवा, म्हणजे आम्ही मान तुकवूं. एकच प्रत पुढें करून ‘जगांत दुसरी नाहीं’ म्हणणारा विक्रेता नकळत स्वतःविरुद्धच साक्ष देत असतो.

दुसरा भ्रम असा कीं, भेद म्हटला म्हणजे तो महागच असला पाहिजे. लंडनच्या डे ला रू कंपनीनें छापलेल्या पंचम जॉर्जच्या सामान्य तिकिटांच्या कागदांत प्रत्येकीं एक ताऱ्याचें जलचिन्ह असे. १९२६ पासून नाशिकास छपाई सुरू झाल्यावर कागदभर अनेक तारे आले. तिकीट काळ्या बशींत पालथें घालून त्यावर बेंझीनचे दोन थेंब टाकावे, कीं तारे आपोआप दिसूं लागतात. यांतील पुष्कळ तिकिटें आजही चार-दोन रुपयांस मिळतात. परंतु सत्तर वर्षें विलायतेंत होत असलेलें काम आपल्या गोदातीरीं आलें, ही गोष्ट त्या कागदांत जितकी स्पष्ट वाचतां येते तितकी फार थोड्या दप्तरांत येत असेल. आमच्या इतिहासप्रेमी स्नेह्यांनीं ताम्रपटाचीं अक्षरें भिंगाखालीं पाहावीं आणि यास पोरखेळ म्हणावें, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

जेथें किंमत खरोखर मोठी आहे, तेथें तर डोळे अधिकच उघडे पाहिजेत. १९४८ सालीं स्वित्झर्लंडमध्यें छापलेल्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटांपैकीं अवघ्या शंभर प्रतींवर गव्हर्नर-जनरलच्या उपयोगासाठीं ‘सर्व्हिस’ हा शब्द वरून छापला होता. त्यांतील चार प्रतींचा एक जोड २०१७ सालीं पांच लक्ष पौंडांस विकला गेला. आतां साध्या दहा रुपयांच्या तिकिटावर सात अक्षरें उमटविणें कोणाही लबाड मुद्रकास कितीसें कठीण? तसले बनावट ठसे बाजारांत आहेतच. कडेचीं छिद्रें कात्रीनें छाटून ‘विनाछिद्र’ म्हणून विकणें आणि रसायनानें एक रंग उडवून ‘रंग चुकला’ म्हणणें, हेही धंदे जुने आहेत. म्हणून विनाछिद्र तिकीट जोडीनेंच घ्यावें. सुटें कितीही देखणें असलें तरी घेऊं नये.

परंतु लबाडांनीं केली नसेल इतकी हानि आमच्या सज्जन कुटुंबांनीं केली आहे. आजोबांच्या पेटींतील लखोटे निघाले, कीं मुलांस प्रथम सुचतें तें तिकिटें पाण्यांत भिजवून सोडविणें. तिकीट हातीं येतें. पाठविल्याचें गांव, तारीख, दर, सगळें लखोट्याबरोबर केरांत जातें. ज्या पुराव्यावरून भेदाचा काळ ठरावयाचा, तोच नाहींसा होतो. कात्रीचा पराक्रम तर याहून मोठा. १८५४ सालीं कलकत्त्याच्या सर्व्हे कचेरींत कॅप्टन थुइलियर यांच्या देखरेखीखालीं शिळाछापावर चार आण्यांचें तिकीट निघालें. प्रथम तांबडी अष्टकोनी चौकट छापीत, मग तोच ताव पुन्हां शिळेवर घालून निळें मस्तक. दुसऱ्या खेपेस ताव उलटा पडला आणि व्हिक्टोरिया राणीचें मस्तक खालीं डोकें वर मान असें उतरलें. तीं तिकिटें टपालांत खपूनही गेलीं. न वापरलेली एकही प्रत आजवर उजेडांत आलेली नाहीं. ज्या थोड्या वापरलेल्या प्रती उरल्या, त्यांतल्या पुष्कळशा कोणी तरी हौसेनें चौकटीच्या कडेकडेनें नीटनेटक्या अष्टकोनी कापून ठेवल्या आहेत. चारही कोपरे शाबूत असलेल्या प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघतात.