रिकाम्या जागा, भरलेली रजिस्टरे

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील शेतमजुराला, ऊसतोड कामगाराला, डोंगरातल्या आदिवासीला घरचा डॉक्टर म्हणून कोणी असेलच तर तो प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी होय. शहरी मध्यमवर्गाचा फॅमिली डॉक्टर पैसे मोजून मिळतो. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या प्रकृतीची ज्याला माहिती आहे, असा वैद्य गरिबाला मिळायचा तर तो शासनाकडूनच मिळू शकतो. आरोग्याविषयी शासनाची नियत काय आहे, हे मंत्र्यांच्या भाषणांवरून जोखण्यापेक्षा या एका माणसाला शासन कसे वागवते त्यावरून जोखणे अधिक सोपे आहे.

२०११ च्या जनगणनेत राज्याची ग्रामीण लोकसंख्या ६ कोटी १५ लाख भरली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, तेव्हा हाच आकडा धरून चालावे लागते. राज्यात ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत अठराशेच्या थोडी वर. म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला सुमारे ३३ हजार माणसे येतात. शासनाचा स्वतःचा निकष सपाटीवर ३० हजारांना आणि डोंगरी व आदिवासी भागात २० हजारांना एक केंद्र, असा आहे. केंद्रामागे डॉक्टरांची दोन पदे मंजूर असतात. त्यांतले एक रिकामे असावे आणि दुसऱ्या पदावरचा डॉक्टर बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा शवविच्छेदनाची साक्ष द्यायला न्यायालयात गेलेला असावा, हे चित्र कोणत्याही तालुक्यातील कार्यकर्त्याला नवे नाही. अशा दिवशी बाह्यरुग्ण विभाग परिचारिका आणि औषधनिर्माता चालवतात.

भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला, तेव्हा ती समाजवाद्यांची समिती नव्हती; ब्रिटिश सरकारने नेमलेली होती. तरीही तिचा दूरच्या पल्ल्याचा आराखडा असा होता की, दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे पंचाहत्तर खाटांचे एक केंद्र असावे आणि त्यात सहा डॉक्टर असावेत. चाळीस हजारांना दोन डॉक्टर ही तिने सुचवलेली तात्पुरती, अगदी प्रारंभीची पायरी होती. पाऊणशेहून अधिक वर्षे लोटल्यावर प्रगत म्हणवणारे हे राज्य कागदावर देखील त्या तात्पुरत्या पायरीच्या जेमतेम पुढे सरकले आहे. प्रत्यक्षात ते कोठे आहे, हे रिकाम्या खुर्च्या मोजून ज्याचे त्याने ठरवावे.

जो डॉक्टर जागेवर आहे, तो तरी डॉक्टर म्हणून उरला आहे काय? क्षयरोग, कुष्ठरोग, हिवताप, लसीकरण, माता-बाल आरोग्य, मधुमेह आणि रक्तदाब अशा प्रत्येक कार्यक्रमाची कचेरी वरती स्वतंत्र आहे आणि प्रत्येक कचेरीचा तक्ता निराळा आहे. संगणक आल्यावर रजिस्टरे जातील, असे सांगण्यात आले होते. रजिस्टरे तशीच राहिली आणि त्यांच्या जोडीला पोर्टले आली. क्षयरुग्णाची नोंद निक्षयवर, लसीची यू-विनवर, औषधाची ई-औषधीवर, साथीच्या रोगाची आणखी कोठे, आणि त्यावर पुन्हा आभा कार्डांचे उद्दिष्ट. तेच नाव, तेच गाव, तेच वय परिचारिका चार ठिकाणी लिहिते. डॉक्टर त्यावर सही करतो आणि आकडा कमी पडला की दूरदृश्य बैठकीत बोलणी खातो. रुग्णाला किती वेळ दिला, नाडी पाहिली की नाही, हे विचारणारा रकाना त्या तक्त्यांत नसतो. वरच्या अधिकाऱ्याला आकडा हवा असतो, कारण त्याच्याही वरच्याला तोच हवा असतो. या उतरंडीत सगळ्यांत खाली बसलेला रुग्ण सकाळची बस पकडून आलेला असतो आणि दुपारची बस चुकू नये म्हणून तपासणीविनाच गोळ्या घेऊन परततो.

याहूनही मोठा घोळ मालकीचा आहे. वैद्यकीय अधिकाऱ्याची नेमणूक आणि बदली करते राज्याचे सार्वजनिक आरोग्य खाते. त्याचा रोजचा कारभार मात्र जिल्हा परिषदेच्या हाती. त्याची कायम परिचारिका जिल्हा परिषदेची नोकर, तर शेजारी बसणारी दुसरी परिचारिका राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारीही कंत्राटीच. रुग्णवाहिकेचा चालक बहुधा एखाद्या एजन्सीचा असतो आणि झाडलोट करणारा ठेकेदाराचा. आणि घरोघर फिरून या साऱ्या यंत्रणेला जमिनीशी जोडून ठेवणारी आशा तर कोणाचीच नोकर नाही. कागदोपत्री ती ‘स्वयंसेविका’ आहे. एका छपराखाली एवढे मालक, आणि चालकाचा पगार तीन महिने थकला तर त्याचा जाब ज्याला विचारावा असा त्यांच्यांतला एकही जागेवर सापडत नाही. गाडी उभी राहते, बाळंतीण अडते आणि गावकऱ्यांचा राग निघतो तो समोर दिसणाऱ्या डॉक्टरवर.

कंत्राटी पद्धत ही काही तातडीची सोय राहिलेली नाही. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा कंत्राटावर लागलेल्या मुली आज चाळिशी ओलांडून गेल्या. आदिवासी भागांतील भरारी पथकांचे डॉक्टर वर्षानुवर्षे मानधनावर राबले. कोरोनाच्या काळात ज्यांच्यावर फुले उधळली, त्यांतल्या अनेकांना साथ ओसरताच घरी पाठवण्यात आले. काम कायमचे असताना कामगार हंगामी ठेवणे ही गिरणीमालकाची जुनी युक्ती होती. आता शासनच ती चालवते आणि तिला अभियान म्हणते.

पैशाची गोष्टही अशीच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना सांगितले की, २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करा, आणि आरोग्यावरच्या एकूण पैशांतील दोनतृतीयांश किंवा अधिक प्राथमिक सेवेला द्या. मुदत केव्हाच उलटली आणि महाराष्ट्र पाच टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिला. अभियानातून प्राथमिक केंद्राला स्वतःच्या अखत्यारीत खर्चायला मूळ निकषांप्रमाणे वर्षाला पावणेदोन लाख रुपये ठरले: रुग्ण कल्याण समितीचे एक लाख, देखभालीचे पन्नास हजार, मुक्त निधीचे पंचवीस हजार. दिवसाला पाचशे रुपयेदेखील नाहीत. त्यात गळके छप्पर, पाण्याचा पंप, सर्पदंशाची संपलेली लस, जनरेटरचे डिझेल. तेही वर्षअखेरीस यावेत आणि मार्च संपण्यापूर्वी खर्च दाखवण्याचा तगादा लागावा.

पैसा नाही असे मात्र नव्हे. २०१२ मध्ये सुरू झालेली आणि पुढे महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव लाभलेली विमा योजना आता कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची हमी देते. ज्याला हृदयाची शस्त्रक्रिया लागली त्याला ती मिळावी, याबद्दल वाद नाही. परंतु ही योजना माणूस रुग्णालयात पडल्यावर सुरू होते आणि तिचा मोठा ओघ खासगी रुग्णालयांकडे वाहतो. ज्याचा रक्तदाब गावातच वेळेवर ओळखला गेला असता, गोळ्या नियमित मिळाल्या असत्या, त्याचा झटका टळला असता; पण त्या गोळ्यांचे बिल कोणत्याही रुग्णालयाला लावता येत नाही. शासनाने निवड केली आहे आणि ती समजून-उमजून केलेली आहे.

औषधखरेदीचा अनुभव तर अभ्यासावा असा आहे. तामिळनाडूने नव्वदच्या दशकाच्या मध्यावर स्वतंत्र महामंडळ उभारून खरेदीची घडी बसवली. महाराष्ट्राने २०१७ साली हे काम हाफकिनच्या महामंडळाकडे सोपवले, तेथे ते रखडले, आणि २०२३ मध्ये कायदा करून तिसरेच प्राधिकरण निर्माण करण्यात आले. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून शासकीय आरोग्य केंद्रांतील उपचार निःशुल्क झाले, हे स्वागतार्हच होते. मात्र केसपेपर फुकट मिळाला आणि चिठ्ठी बाहेरच्या दुकानाची मिळाली, तर गरिबाची बचत किती झाली? त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्र सरकारने आरोग्य केंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नाव दिले. पाट्या मात्र वेळेवर रंगल्या.

‘डॉक्टर खेड्यात जायला तयार नाहीत’ हे उत्तर मंत्रालयात नेहमी तयार असते. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. जनतेच्या पैशावर शिकून एक वर्षाच्या बंधपत्रातून दहा लाख भरून सुटू पाहणाऱ्या तरुणाचे समर्थन कोणी करू नये. पण ज्या राज्याने दायित्वाची किंमत रुपयांत ठरवून दिली, त्याने श्रीमंताच्या मुलाला पळवाट आणि गरिबाच्या मुलाला सक्ती, अशी वाटणीच करून दिली नाही काय? आणि जे जातात, त्यांचे काय? राहायला पडके निवासस्थान, रात्रंदिवस एकट्याची जबाबदारी, मुलांना शाळा नाही, पुढच्या शिक्षणाची खात्री नाही. २०१४ च्या जुलैत राजपत्रित वैद्यकीय अधिकाऱ्यांनी संप केला, तेव्हा सेवेच्या अशाच अटी त्यांच्या मागण्यांत होत्या.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले; त्यांतली बारा नवजात बालके होती. त्यावर सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराने काय केले? अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करून घेतले. छायाचित्रे निघाली. ती बालके कोणत्या गावाहून आली, वाटेत किती केंद्रे लागली, तेथे डॉक्टर होता काय आणि गाडी होती काय, हे प्रश्न मात्र छायाचित्रात येत नाहीत. मोठ्या रुग्णालयातील मृत्यूंची सुरुवात पुष्कळदा पन्नास किलोमीटर मागे, कुलूप लागलेल्या उपकेंद्रापाशी झालेली असते.

येथे समाजवादी चळवळीशी निगडित अशी एक आठवण अप्रस्तुत ठरणार नाही. १९७७ साली जनता सरकारात आरोग्यमंत्री असलेल्या राज नारायण यांच्या काळात २ ऑक्टोबरपासून गावोगाव जन स्वास्थ्य रक्षक नेमण्याची योजना सुरू झाली. आरोग्य लोकांच्या हाती देण्याची कल्पना मोलाची होती. परंतु त्या रक्षकाच्या पाठीशी उभे राहणारे केंद्र, डॉक्टर आणि औषध कच्चेच राहिले, आणि योजना मानधनाच्या वादात विरत गेली. आशांच्या बाबतीत तेच घडू द्यायचे नसेल, तर आशांची लढाई आणि डॉक्टरांची लढाई वेगवेगळ्या मोर्च्यांत लढून चालणार नाही. डॉक्टरांच्या संघटनांना कंत्राटी परिचारिकेची मागणी आपली वाटत नाही, आणि कामगार संघटनांना डॉक्टर हा साहेब वाटतो. या दुराव्याचा लाभ सरकारने आजवर भरपूर उठवला आहे.

मागण्या साध्या आहेत. मंजूर पदे कायम भरतीने भरा आणि कंत्राटी सेवेची वर्षे त्यात धरा. प्रत्येक केंद्रात नोंदींसाठी एक लिपिक द्या व एक माहिती एकदाच मागा. आवश्यक औषधांच्या स्थानिक खरेदीचा अधिकार केंद्राच्या डॉक्टरला द्या. नेमणूक, पगार आणि शिस्त यांसाठी एकच मालक ठरवा. दोनतृतीयांश पैसा प्राथमिक सेवेला, हे धोरणातले वाक्य अर्थसंकल्पात उतरवा.

कार्यकर्त्यांनी यासाठी मंत्रालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. रुग्ण कल्याण समितीत लोकप्रतिनिधी असतात. तिची शेवटची बैठक केव्हा झाली आणि पावणेदोन लाखांतले किती आले, हे विचारता येते. २००७ पासून राज्याच्या काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. जनसुनावण्यांत अधिकाऱ्यांना गावकऱ्यांसमोर उत्तरे द्यावी लागली आणि बंद उपकेंद्रे उघडलीही. येत्या ग्रामसभांत आपापल्या केंद्रातील मंजूर पदे, भरलेली पदे, कंत्राटी पदे आणि संपलेली औषधे यांची यादी वाचून दाखवावी आणि ठरावासह ती जिल्हा परिषदेकडे पाठवावी. यादी तयार करताना डॉक्टर, परिचारिका आणि आशा यांना सोबत घ्यावे. कोणते औषध केव्हापासून नाही, हे त्यांच्याइतके नेमके कोणालाच ठाऊक नसते.