कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे

काही वर्षांपूर्वी गुलाबी बोंडअळीच्या पतंगांचा हंगामी चढउतार अभ्यासत असताना एका संशोधन केंद्राकडून मला कामगंध सापळ्यांच्या जुन्या नोंदवह्यांची स्कॅन केलेली पाने आणि त्यांवरून संगणकावर तयार केलेला तक्ता मिळाला. त्यात एका हंगामातील ३८ व्या हवामान आठवड्यात, म्हणजे १७ ते २३ सप्टेंबर या काळात, सातही दिवसांपुढे शून्य होते. आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांत मात्र पतंग भरपूर. स्कॅन उघडून पाहिले, तर त्या सात ओळी मुळात कोऱ्या होत्या. समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेले होते, पण काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये त्याचे दोन-तीन तुटक धागे तेवढे उरले होते. मूळ वही मागितली तेव्हा कळले की, स्कॅनिंग पूर्ण झाल्यावर सर्व वह्या रद्दीत गेल्या. ल्यूर संपले होते, सापळे पावसात पडले होते की निरीक्षक रजेवर होता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. तो हंगाम मला विश्लेषणातून वगळावा लागला.

जुन्या नोंदी संगणकावर आणण्याचे काम आज अनेक संस्थांत सुरू आहे आणि ते व्हायलाच हवे. वाळवी आणि कसर हे कागदाचे दोन्ही शत्रू आमच्याच विषयातले असल्याने त्यांची भूक मी जाणतो. परंतु या कामाची प्रगती मोजली जाते ती दिवसाला किती पाने झाली यावर. त्यांतील किती पाने बरोबर उतरली, हे विचारणारा रकाना अहवालात बहुधा नसतो. माझा आक्षेप त्यावर आहे.

कपाशीचेच उदाहरण घेऊ. बीटी कपाशीला आपल्याकडे २००२ मध्ये मान्यता मिळाली. त्यापूर्वी बोंडअळ्यांचे पतंग कोणत्या आठवड्यात दिसू लागत आणि कधी ओसरत, याची माहिती बहुतांशी हस्तलिखित वह्यांत आहे. महाराष्ट्रात २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला आणि त्यानंतर क्रॉपसॅपच्या रूपाने संगणकाधारित सर्वेक्षण उभे राहिले; त्याआधीची वर्षे कागदावरच आहेत. बीटीपूर्व काळातील शेत आता पुन्हा उभे करून पतंग मोजता येणार नाहीत.

आता अंकांकडे येऊ. हाताने घाईत लिहिलेले देवनागरी १ आणि ९ किती सहज एकमेकांत मिसळतात, हे कोणीही जुनी वही उघडून पाहावे. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रति सापळा ८ पतंग ही आपली आर्थिक नुकसानीची पातळी. वहीतले ९, ९, ९ तक्त्यात १, १, १ झाले, तर उपाययोजनेची वेळ आलेला आठवडा कागदोपत्री निर्धास्त ठरतो. अशा तक्त्यांवर पूर्वानुमानाची सूत्रे बसवली जातात आणि त्यांतून निघालेला सल्ला शेवटी शेतकऱ्याच्या मोबाइलवर पोहोचतो.

ही झाली माणसाची चूक. यंत्राची चूक याहून फसवी असते. २०१३ मध्ये जर्मनीतील संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिले की, एका घराच्या नकाशाची प्रत काढताना यंत्राने आकडेच बदलले होते. तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती; प्रतीत तिन्ही ठिकाणी १४.१३ उमटले, तेही अगदी सुबक. फाइलचा आकार कमी करण्यासाठी ते यंत्र सारख्या दिसणाऱ्या तुकड्यांचा एकच नमुना साठवून तो सर्वत्र वापरत होते. पुसट अक्षर दिसले की आपण निदान थबकतो; सुबक चूक डोळ्यांखालून निघून जाते. म्हणून मूळ प्रत रंगीत, किमान ३०० डीपीआयची आणि तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात, उदाहरणार्थ टिफमध्ये, जपावी. ईमेलने पाठवायची हलकी प्रत तिच्यावरून वेगळी काढता येते. रंगाचा आग्रह यासाठी की, निरीक्षकाच्या शाईवरची वरिष्ठांची लाल दुरुस्ती आणि समासातली पेन्सिल यांनाही अर्थ असतो.

तपासणी कशी करावी हे विस्तार कार्यकर्त्यांना निराळे शिकवायला नको. बांधालगतची झाडे पाहून आपण शेताचा अहवाल देत नाही. मग पहिली दहा पाने पाहून गठ्ठा मंजूर का करावा? यादृच्छिक पद्धतीने निवडलेली ३०० पाने मुळाशी ताडून पाहिली आणि एकही दोष सापडला नाही, तर सदोष पानांचे प्रमाण १ टक्क्याहून कमी असल्याचे ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. मात्र स्कॅनिंगचे दोष माव्यासारखे असतात, पुंजक्याने येतात. काचेवर डाग पडला की त्या दुपारची सगळी पाने बिघडतात. एखाद्या नव्या मुलाला एका निरीक्षकाचे अक्षर लागले नाही की ती अख्खी वही चुकते. त्यामुळे प्रत्येक वही, प्रत्येक यंत्र आणि प्रत्येक नोंदकर्ता यांतून नमुना घ्यायलाच हवा. पानांची संख्याही आधी हाताने मोजून लिहावी, कारण दोन चिकटलेली पाने एकदम उलटली गेली, तर हरवलेले पान कोणत्याही नमुन्यात सापडत नाही.

जुन्या निरीक्षकांनी तपासणीचे एक साधन आपल्यासाठी आधीच ठेवलेले आहे. अनेक वह्यांत आठवड्याच्या शेवटी बेरीज मांडलेली असते. बेरीज संगणक करीलच, म्हणून तो रकाना उतरवला जात नाही, आणि चूक पकडण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आपण स्वतःच बंद करतो. ती बेरीज जशीच्या तशी उतरवावी आणि संगणकाच्या बेरजेशी ताडावी. फरक आला तर मूळ पान काढावे. कधी चूक निरीक्षकाचीही निघेल. तीसुद्धा तशीच राहू द्यावी आणि शेजारी शेरा लिहावा. नावांनाही हाच न्याय. हेलिओथिस लिहिले असेल, तर आजचे हेलिकोव्हर्पा परस्पर घालू नये. एकच कीड कपाशीवर अमेरिकन बोंडअळी आणि हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून नोंदलेली असते. त्या नावातून पीक कळते. कोऱ्या जागेसाठी वेगळी खूण, शून्यासाठी शून्य, आणि न लागलेल्या अंकासाठी तिसरी खूण असावी.

ज्या शेतकरी बांधवांकडे वीस-पंचवीस वर्षांच्या फवारणीच्या व सापळ्यांच्या डायऱ्या आहेत, त्यांनी मोबाइलने फोटो जरूर काढावेत. पानाच्या चारही कडा दिसाव्यात, दिवसाच्या उजेडात पण सावलीत काढावेत, आणि कागद पांढराशुभ्र करून दाखवणारी सोय बंद ठेवावी. ती पेन्सिल आधी पुसते. डायरी मात्र फेकू नये.

संस्थांकडे माझी मागणी छोटी आहे. वही रद्दीत काढण्याच्या कागदावर दोन सह्या असाव्यात, आणि त्यांतली एक अशा माणसाची असावी ज्याने कधीतरी स्वतः सापळ्यातले पतंग मोजले आहेत. असे निवृत्त कृषी सहायक आणि निरीक्षक आज आपल्या आसपास आहेत. कोणाचा ९ कसा वळतो आणि समासातल्या फुलीचा अर्थ काय, हे त्यांना तोंडपाठ आहे. या हंगामात त्यांना मानधन देऊन आठवडाभर त्या वह्यांपुढे बसवावे.