जीव घाबरतो तेव्हा

मराठी भाषेने मनाची दुखणी नेहमीच शरीरावर नोंदवली आहेत. भीती वाटली की आपल्या पोटात गोळा येतो, वाईट बातमी कानी पडली की काळजात धस्स होते, अपमानाने अंगाची लाही होते आणि संकट समोर उभे राहिले की हातपाय गळतात. आपल्या शेजारच्या गुजराती भाषेतला 'गभरामण' हा शब्दही मनाची घालमेल आणि छातीतली धडधड या दोहोंना पुरतो. वैद्यकशास्त्राने मन आणि शरीर यांचे विभाग वेगळे केले. आपल्या आजीने ते कधी वेगळे केले नव्हते.

सुरतेच्या उधना भागात मी अनेक वर्षे जनरल प्रॅक्टिस करीत आहे. 'डॉक्टरसाहेब, जीव घाबरतो' हे वाक्य ऐकले नाही असा दिवस क्वचितच जातो. पुढचा क्रम आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. रक्तदाब मोजला जातो, ईसीजी काढला जातो, तो बहुधा ठीक येतो. मग आम्लपित्ताची एक गोळी, शक्तीची एक गोळी आणि रात्री झोपेची एक गोळी घेऊन रुग्ण घरी जातो व पंधरा दिवसांनी तेच वाक्य घेऊन परत येतो. ईसीजी आणि झोपेची गोळी यांच्यामध्ये उपचाराची एक पायरी आहे आणि ती आपण सर्रास गाळतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ती पायरी या शहरातील मराठी रुग्णासाठी बांधण्याचे काम मराठी डॉक्टरांइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही, हेही या लेखात मांडावयाचे आहे.

घाबरणाऱ्या जिवाचे शरीरशास्त्र

संकटाच्या क्षणी शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते, हे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली ग्रंथरूपाने मांडले. अनुकंपी मज्जासंस्था जागी होते, अ‍ॅड्रिनॅलिन स्रवते, हृदय वेगाने धावू लागते, श्वास उथळ होतो, पचन मंदावते, तळहातांना घाम सुटतो. वाघ समोर असेल तर ही सारी व्यवस्था प्राण वाचवते. संकट टळले की परानुकंपी मज्जासंस्था, मुख्यतः व्हेगस नावाच्या लांबलचक मज्जातंतूच्या द्वारे, हृदयाला आणि आतड्याला पुन्हा संथ लयीवर आणते.

आजचा वाघ मात्र निघून जात नाही. तो घराच्या हप्त्याच्या रूपाने दर महिन्याला येतो. लूम्सच्या कारखान्यात बारा तासांची पाळी आणि कानठळ्या बसवणारा खडखडाट, दिवसा पत्र्याच्या खोलीत मोडकी झोप, गावाकडे म्हातारे आईवडील आणि इकडे मुलांच्या शाळेची फी, या साऱ्यात अडकलेल्या माणसाच्या शरीराला 'आता धोका टळला' असा निरोप कधी मिळतच नाही. अशा माणसाची छाती धडधडते यात ढोंग नाही आणि दुर्बलताही नाही. पहाऱ्यावरच्या शिपायाची पाळी संपलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या शहराने तर अशा धोक्याच्या घंटा वारंवार ऐकल्या आहेत. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या बातमीने लाखो माणसे काही दिवसांत शहर सोडून गेली. जाणाऱ्यांत डॉक्टरही होते, कारण भीती पदवी पाहून येत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी तापीतून शहरात शिरले आणि माणसे दिवसेंदिवस गच्चीवर अडकून पडली. २००८ च्या जागतिक मंदीत हिऱ्यांच्या घंट्या थांबल्या. अलीकडच्या मंदीत पुन्हा तेच झाले आणि २०२४ मध्ये येथील रत्नकलाकारांच्या संघटनेला आत्महत्या टाळण्यासाठी मदतीचा फोन क्रमांक सुरू करावा लागला. हे काम एखाद्या कामगार संघटनेला आपल्या अंगावर घ्यावे लागते, याचा विचार आम्हा वैद्यकीय व्यावसायिकांनी गंभीरपणे केला पाहिजे.

शांत करण्याची विद्या

हल्ली 'नर्व्हस सिस्टिम रेग्युलेशन' हा शब्द फार ऐकू येतो. त्याची शिबिरे भरतात, मोबाईलवर अ‍ॅप्स विकली जातात. नाव नवे असले तरी वस्तू आपल्या घरातली आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, हे १८८३ साली गुजरातेतील डभोई येथे जन्मलेले मराठी गृहस्थ. यौगिक क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. योगाला प्रयोगशाळेत नेण्याचे हे काम गुजरातच्या भूमीवर एका मराठी माणसाने आरंभिले, याचा आपल्यासारख्या मंडळाला अभिमान वाटावा.

त्याच परंपरेतील पुढचा टप्पा मुंबईचा. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले व त्याचे निष्कर्ष १९६९ साली 'अँजिऑलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. अनेक रुग्णांचा रक्तदाब उतरला, काहींच्या औषधांची मात्रा कमी करता आली. आजच्या निकषांनी हा अभ्यास लहान म्हणावा लागेल. परंतु इंग्लंडमध्ये जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉ. चंद्रा पटेल यांनी योगातील शिथिलीकरण आणि बायोफीडबॅक यांचा तुलनात्मक अभ्यास करून १९७५ साली 'लॅन्सेट'मध्ये तशाच स्वरूपाचे निष्कर्ष मांडले. पुढे २००१ साली इटलीतील संशोधकांनी दाखवले की जपमाळेवरील ख्रिस्ती प्रार्थना असो वा योगातील मंत्र असो, ते म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदयाच्या लयीवर त्याचा अनुकूल परिणाम होतो.

यातील शास्त्र सोपे आहे. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना किंचित संथ होते. तरुण माणसाच्या ईसीजीच्या पट्टीवर हे आपण नेहमी पाहतो. उच्छ्वास लांबवला की व्हेगसचा प्रभाव वाढतो. म्हणून घाबरलेल्या रुग्णाला 'घाबरू नका' असे सांगण्यापेक्षा 'श्वास हळू सोडा, घेतला त्यापेक्षा जास्त वेळ घेऊन सोडा' असे सांगून त्याच्यासमोर पाच मिनिटे बसणे अधिक उपयोगाचे. याला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. अर्थात हृदयविकार, थायरॉईड, रक्तक्षय, रक्तातील साखर यांचा विचार आधी व्हायलाच हवा. 'सगळे मनाचे आहे' असे म्हणून एखादा हार्ट अटॅक घरी पाठवणे हा गुन्हाच होय.

श्वासाने कर्ज फिटत नाही

येथे मात्र थांबून एक इशारा देणे आवश्यक वाटते. मज्जासंस्था शांत करणे हा उपचाराचा आरंभ आहे. त्यालाच संपूर्ण उपचार मानणे चूक ठरेल. ज्याची नोकरी गेली आहे, जिला घरात मारहाण होते, ज्याने सावकाराकडून पैसे उचलले आहेत, त्याला किंवा तिला नुसते शवासन शिकवून घरी पाठवणे हे गोड शब्दांत केलेले दुर्लक्ष ठरेल. शांत झालेल्या शरीराचा उपयोग असा की माणूस बोलू शकतो, ऐकू शकतो आणि पुढचा विचार करू शकतो. ते बोलणे घडवून आणणे, हाच मानसोपचाराचा गाभा आहे.

आणि बोलणे म्हटले की भाषेचा प्रश्न येतो. सुरतेतील मराठी वस्तीचा फार मोठा भाग खानदेशातून, तापीच्या काठाकाठाने आणि तापी व्हॅलीच्या रेल्वेने येथे आला. लिंबायत, उधना, डिंडोली येथील ही मंडळी मार्केटमध्ये गुजराती आणि कारखान्यात हिंदी उत्तम बोलतात. व्यवहाराला ती भाषा पुरते. दुःखाला पुरत नाही. छातीत धडधड होते म्हणून महिनोन् महिने फिरणारा एक मध्यमवयीन कारागीर माझ्याकडे येत असे. हिंदीत विचारले की 'सब ठीक है साब' एवढेच उत्तर. एके दिवशी गर्दी ओसरल्यावर मी त्याला अहिराणीत विचारले, "घरमा समदं बरं शे ना, भाऊ?" तो काही क्षण गप्प राहिला आणि मग अर्धा तास बोलत होता. मुलीचे मोडलेले लग्न, भावाशी जमिनीचा वाद, आणि 'रात्री पुलावरून येताना नको ते विचार येतात' हे वाक्य. यातले एकही ईसीजीत दिसणारे नव्हते. त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले, औषध सुरू झाले, कुटुंबाला बोलावले. आज तो कामावर आहे.

'वेळ कुठे आहे?'

माझ्या व्यवसायबंधूंचा आक्षेप मला ठाऊक आहे. बाहेर चाळीस रुग्ण बसलेले असताना अर्धा तास कोणाला द्यायचा? आक्षेप खरा आहे. म्हणूनच हे काम एकट्या डॉक्टरवर सोडता येणार नाही. या बाबतीत गोव्याचे उदाहरण मला मार्गदर्शक वाटते. तेथील 'संगाथ' संस्था आणि डॉ. विक्रम पटेल यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या सुमारे ५०० रुग्णांवर अभ्यास केला, जो २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या, परंतु नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांशी सहा ते आठ वेळा बैठका केल्या. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते; नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. फरक कोणत्याही नव्या औषधाने पडलेला नव्हता.

मराठीत अशा कामाची परंपराही आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण, ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभी केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, या संस्थांनी मानसोपचाराला घरगुती मराठी शब्द मिळवून दिले, स्वमदत गट उभे केले, रुग्णांच्या नातेवाइकांनाही कार्यकर्ते बनवले. तिकडे जे झाले ते सुरतेत होऊ नये असे कोणतेही कारण मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा की 'मानसोपचार' हा शब्द उच्चारला तर रुग्ण म्हणतो, 'मी काय वेडा आहे का?' माझा अनुभव असा की 'तुमच्या शरीराचा पहारा सुटत नाही, तो कसा सोडायचा ते शिकू' असे सांगितले तर कोणी रागावत नाही. रुग्ण शरीराच्या दाराने आत येतो. त्याच दाराशी आपण उभे राहावे.

मंडळापुढे तीन सूचना

पहिली सूचना डॉक्टरांसाठी. 'जीव घाबरतो' म्हणणाऱ्या प्रत्येक रुग्णाला दोन प्रश्न विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश राहते का? आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला आहे का? उत्तर 'हो' असेल तर तिसराही प्रश्न न संकोचता विचारावा: जीव नकोसा वाटतो का? असे विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट मनावरचे ओझे उतरते. झोपेची गोळी द्यावीच लागली तर ती किती दिवसांसाठी, हे चिठ्ठीवर लिहावे. या गोळ्यांची सवय जडते आणि ती सोडवणे अवघड असते, हे आपण जाणतोच.

दुसरी सूचना मंडळासाठी. समाजातील निवृत्त शिक्षक, परिचारिका, गृहिणी यांच्यापैकी दहा जणांना तज्ज्ञांकडून प्रशिक्षण द्यावे आणि दर रविवारी मराठीत व अहिराणीत ऐकणारी एक खोली उघडावी. गुप्तता पाळणे आणि गंभीर रुग्ण वेळीच तज्ज्ञांकडे पाठवणे, हे दोन नियम तेथे अटळ असावेत. खोली नसेल त्या वेळेसाठी टेलि-मानस आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते आणि तेथे मराठी व गुजराती दोन्ही भाषांत बोलता येते. हा क्रमांक आपल्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा.

तिसरी सूचना वाचकांसाठी, मग ते डॉक्टर असोत वा नसोत. दिवसातून दहा मिनिटे शवासनाला किंवा संथ श्वासाला द्यावीत, झोपेची वेळ सांभाळावी, आणि आठवड्यातून एकदा तरी ज्याच्याशी खरे बोलता येईल अशा माणसाकडे जाऊन बसावे. आम्हा डॉक्टरांना याची गरज इतरांहून अधिक आहे. रात्री-अपरात्रीचे फोन, नातेवाइकांचा संताप आणि हातून गेलेल्या रुग्णाची सल हे सारे मुकाट्याने गिळण्यालाच आपण धीर म्हणत आलो आहोत.

आपले मंडळ दरवर्षी रक्तदान शिबिर घेते, मधुमेहाची तपासणी करते, विद्यार्थ्यांचा गुणगौरव करते. हे सर्व चालू राहावेच. त्याच्या जोडीला दोन खुर्च्या, एक पंखा आणि आपल्या भाषेत ऐकणारा एक माणूस एवढीच नवी गरज आहे. खर्च थोडा आहे, जागा आपल्याकडे आहे. येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी माझी नम्र विनंती आहे. पहिल्या चार रविवारी बसण्यासाठी माझे नाव लिहून घ्यावे.