सीप्झचा नवा हिशेब
मुंबईत मरोळ नाक्याला मेट्रो बदलून सीप्झला उतरणाऱ्यांची गर्दी तीच आहे. कामाचा हिशेब मात्र बदललाय. १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी उभ्या राहिलेल्या सीप्झमध्ये पुढे सॉफ्टवेअर फोफावलं, ते माणशी, ताशी बिल लावून. चाचणीचा कोड एआय लिहू लागल्यावर ग्राहक तासांचे पैसे कशाला मोजेल? टीसीएस या आयटी कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार जणांची कपात जाहीर केली, बहुतेक मधल्या-वरच्या फळीतली. त्याच कंपनीने ऑक्टोबरमध्ये एक गिगावॉटच्या डेटा सेंटरची योजना मांडली. कपातीचं कारण एआय नसून कौशल्यांचा मेळ बसत नाही, असं कंपनी म्हणते. (ही शब्दांची कसरत आमच्या गळी उतरत नाही.) कंपन्यांना धोरण बदलावंच लागेल. पण पंधरा वर्षं टीम सांभाळलेल्यांना नवं शिकायला कामाच्या तासांतच वेळ द्या. ते रविवारवर ढकलू नका.